रोमन सम्राज्ञींच्या नाण्यांचा संग्रह व कालनिर्णय

प्राचीन नाण्यांचा संग्रह करणाऱ्यांचें लक्ष बहुधा राजांच्या नांवांकडे व शकांकडे असतें. राजस्त्रियांचीं नाणीं हातीं आलींच, तर तीं पतीच्या किंवा पुत्राच्या नाण्यांमागें एका कोपऱ्यांत ठेविलीं जातात. रोमन नाण्यांच्या छापील सूचींनींही हाच प्रघात पाळिलेला आहे. तेथें आधीं बादशहा आणि त्याच्या शेवटीं त्याची राणी. प्रस्तुत लेखांत ह्या उपेक्षित भागाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. रोमन सम्राज्ञींचीं नाणीं कशीं वाचावीं, त्यांचा काल कसा ठरवावा, आणि तो ठरविण्याचें साधन कित्येकदां संग्राहकाच्याच हातून कसें नष्ट होतें, एवढेच तीन मुद्दे येथें घेतले आहेत. उदाहरणादाखल मार्कस ऑरेलियस बादशहाची पत्नी धाकटी फॉस्टिना हिचीं नाणीं निवडलीं आहेत. कारण तीं विपुल आहेत, त्यांतील साधे प्रकार सामान्य संग्राहकाच्या आटोक्यांत आहेत, आणि एका स्त्रीच्या आयुष्याचे टप्पे त्यांवर उमटलेले आहेत.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. रोमच्या प्रजासत्ताकांत जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर घालण्याचा रिवाज नव्हता. ज्यूलियस सीझरच्या चेहऱ्यानें इ. स. पू. ४४ मध्यें तो मोडला, आणि पुढें थोड्याच वर्षांत अँटनीनें आपली पत्नी ऑक्टेव्हिया हिची मुद्रा नाण्यावर आणिली. ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या बाबतींत मात्र रोमची टांकसाळ फार सावध राहिली. टायबेरियसच्या ज्या रुप्याच्या दिनारिअस नाण्यांचे सांठे आंध्र व तमिळ प्रदेशांत सांपडले आहेत, त्यांच्या पृष्ठभागावर राजदंड व डहाळी घेऊन बसलेली एक स्त्री दिसते. ती लिव्हियाच होय असें पुष्कळ विद्वान् मानितात. परंतु लेखांत तिचें नांव नाहीं. तेथें आहे ती टायबेरियसची मुख्य पुरोहित ही पदवी. म्हणजे आपल्या देशांत सर्वांत अधिक सांपडलेली रोमन राजस्त्रीची मुद्रा, ती तिची असल्यास, निनांवी आहे.

पुढें हा संकोच कमी झाला. कॅलिगुलानें आपल्या तिघी बहिणी नांवांनिशीं एकाच नाण्यावर उभ्या केल्या. नीरोची आई अग्रिपिना हिची कथा तर दोन नाणीं शेजारीं ठेविलीं असतां वाचतां येते. इ. स. ५४ मध्यें नीरो गादीवर आला, त्या वेळच्या नाण्यावर मायलेक समोरासमोर आहेत आणि चेहऱ्यांभोंवतीं लेख आईचा आहे. मुलाचें नांव पाठीमागें गेलें आहे. दुसऱ्याच वर्षीं चेहरे एकामागें एक झाले, पुढचा चेहरा मुलाचा झाला, आणि आईचा लेख पृष्ठभागावर गेला. त्यानंतर ती रोमच्या नाण्यांवरून नाहींशी झाली, इ. स. ५९ मध्यें मुलानेंच तिचा वध करविला. दरबारांत काय चाललें होतें हें लेखाच्या जागेवरून कळूं शकतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. बादशहाच्या नाण्याचा काल ठरविणें बहुधा सोपें असतें. त्याला त्रिब्यूनाची सत्ता दरवर्षीं नव्यानें मिळे, आणि ती कितव्यांदा मिळाली याचा आंकडा पुष्कळ नाण्यांवर कोरिलेला असे. तो कितव्यांदा कॉन्सल झाला तेंही असे. ह्या आंकड्यांवरून वर्ष काढितां येतें. सम्राज्ञीला ‘ऑगस्टा’ ही पदवी असे, परंतु अधिकारपद कोणतेंच नसे. पद नाहीं म्हणून आंकडा नाहीं, आणि आंकडा नाहीं म्हणून वर्ष नाहीं. जिच्या चेहऱ्याचीं हजारों नाणीं टांकसाळींतून बाहेर पडलीं, तिचें एकही नाणें आपलें वर्ष स्वतः सांगत नाहीं. तें वर्ष शोधून काढणें हेंच ह्या संग्रहाचें खरें काम होय. नाहीं तर तो नुसता सुंदर मुखवट्यांचा गठ्ठा. ह्या कामाचीं साधनें चार आहेत: लेख, केशरचना, पृष्ठभागावरील चित्र, आणि ठसा.

पहिलें साधन लेख. फॉस्टिना ही अँटोनायनस पायस बादशहाची मुलगी. इ. स. १४५ मध्यें तिचें मार्कसशीं लग्न झालें. ३० नोव्हेंबर १४७ रोजीं तिला पहिली मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशीं तिला ‘ऑगस्टा’ ही पदवी मिळाली. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तिचा पति ह्या वेळीं केवळ ‘सीझर’ म्हणजे युवराज होता. त्याला ‘ऑगस्टस’ होण्यास इ. स. १६१ उजाडावें लागलें. तेरा वर्षांहून अधिक काळ पत्नीची पदवी पतीच्या पदवीहून वरची होती. हें श्रेष्ठत्व तिला पित्याकडून आलें होतें, आणि नाणीं तसें स्पष्ट सांगतात.

पहिल्या गटांतील नाण्यांवर ‘फाउस्टिनाए आउग पिइ आउग फिल’ असा लेख असतो. संक्षिप्त शब्द पुरे केले म्हणजे अर्थ होतो: पायस ऑगस्टसची कन्या फॉस्टिना ऑगस्टा हिला, किंवा हिचें. लॅटिनमध्यें ‘फाउस्टिनाए’ हें रूप चतुर्थीचेंही होतें व षष्ठीचेंही. आपल्याकडे ‘लतायाः’ हें पंचमीचें कीं षष्ठीचें हें जसें संदर्भावरून ठरवावें लागतें, तसाच हा प्रकार. चतुर्थी घेतली तर नाणें तिला अर्पण केलेलें ठरतें, षष्ठी घेतली तर तिच्या नांवाचें ठरतें. कोणतीही घेतली तरी ती प्रथमेंत नाहीं. कांहीं नाण्यांवर प्रथमाही आढळते, पण पित्याचें नांव मात्र सुटत नाहीं. दुसऱ्या गटांत चेहऱ्याभोंवतीं ‘फाउस्टिना आउगुस्ता’ एवढेंच येतें, आणि ‘आउगुस्ति पिइ फिल’, म्हणजे ऑगस्टस पायसची कन्या, हे शब्द पृष्ठभागावर जातात. तिसऱ्या गटांत, म्हणजे पिता वारून पति गादीवर आल्यानंतर, पित्याचा उल्लेख अजीबात जातो. चवथ्या गटांत ‘दिवा फाउस्टिना पिआ’ असा लेख आहे. ‘दिवा’ म्हणजे देवत्व पावलेली. हीं मरणोत्तर नाणीं होत. एवढ्या लेखभेदावरून नाण्यांचे चार ढोबळ ढीग बिनचूक पडतात. नवशिक्यानें येथूनच आरंभ करावा.

याच शतकांत पैठणास राज्य करणाऱ्या वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या नाण्यांवरील प्राकृत लेखही षष्ठींतच आहे; परंतु तेथें राजाची ओळख आईच्या गोत्रनामावरून दिलेली असून आईचा चेहरा कोठेंही नाहीं. रोमन नाण्यावर चेहरा मुलीचा आणि ओळख बापाची. दोन्ही टांकसाळींनीं स्त्रीला अर्धेंच नाण्यावर घेतलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरें साधन केशरचना. फॉस्टिनेच्या आईचें नांवही फॉस्टिनाच होतें. तिला थोरली फॉस्टिना म्हणतात. ती इ. स. १४० च्या सुमारास वारली आणि पतीनें पुढें वीस वर्षें तिच्या नांवाचीं नाणीं पाडिलीं, त्यामुळें मायलेकींच्या नाण्यांचा घोंटाळा नवशिक्यांकडून हटकून होतो. ओळखण्याची खूण अशी: आईच्या वेण्यांचा अंबाडा डोक्याच्या माथ्यावर बांधलेला असतो, मुलीचा डोक्याच्या मागें असतो. मुलीच्या केशरचनेचेही प्रकार आहेत. आरंभीच्या नाण्यांवर केंसांच्या बटा आंखीव असून कधीं मोत्यांचे सर गुंफिलेले असतात. नंतरच्या नाण्यांवर केंस मोकळ्या लाटांनीं मागें वळून अंबाडा मानेकडे उतरतो. जर्मन पंडित क्लाउस फिट्शेन यांनीं १९८२ मध्यें ह्या मुद्रांचे नऊ प्रकार पाडून असें मांडिलें कीं, अपत्यजन्माच्या निमित्तानें राणीची नवी मुद्रा तयार होत असे. हें कारण सर्वांना मान्य झालेलें नाहीं. परंतु केशरचनेचा क्रम कालनिर्णयास उपयोगी पडतो याविषयीं वाद नाहीं. अर्थात् हा क्रम केंसांच्या बारीक रेषांवर अवलंबून आहे, हें वाचकांनीं विसरूं नये. त्याचें प्रयोजन पुढें येईल.

तिसरें साधन पृष्ठभागावरील चित्र. सम्राज्ञीच्या नाण्यांवर लढाया नसतात. देवता आणि मूर्तिमंत गुण असतात. जूनो, व्हीनस, शील, ऐकमत्य, आणि फॉस्टिनेच्या बाबतींत विशेषेंकरून ‘फेकुन्दितास’ म्हणजे बहुप्रसवता. तिला निदान बारा अपत्यें झालीं. एका प्रकारांत एक स्त्री दोन तान्हीं मुलें कडेवर घेऊन उभी असून पायांशीं दोन मुली आहेत, एकूण चार मुलें. दुसऱ्या प्रकारावर ‘तेम्पोर फेलिक’, म्हणजे काळाचें सौभाग्य, असा लेख आहे. तेथें दोन कडेवर व चार पायांशीं, एकूण सहा. ३१ ऑगस्ट १६१ रोजीं फॉस्टिनेला जुळे मुलगे झाले. त्या वेळीं तिच्या चार मुली जिवंत होत्या. चार आणि दोन सहा. म्हणून हें सहा मुलांचें नाणें जुळ्यांच्या जन्मानंतरचें, आणि चार मुलांचें बहुधा त्यापूर्वींचें, असा निर्णय होतो. सिंहासनावर दोन बालकें बसलेलीं आहेत असें एक दिनारिअस नाणें आहे. त्यावरील ‘साएकुलि फेलिकित’, म्हणजे युगाचें सौभाग्य, हे शब्द त्याच जुळ्यांना उद्देशून आहेत. तें फार दुर्मिळ नाहीं, आणि एकच नाणें घ्यावयाचें असेल त्यानें तें घ्यावें असें आम्ही सुचवूं.

ह्या बेरजेंत एक गोष्ट मात्र नाहीं. इ. स. १६१ पूर्वींच फॉस्टिनेचीं कित्येक मुलें वारलीं होतीं. ज्या मुलीच्या जन्मानें तिला ‘ऑगस्टा’ केलें ती त्यांतच होती. त्यांचे मृत्युलेख हेड्रियनच्या समाधिमंदिरांत होते. नाण्यावर त्यांची खूणही नाहीं. ज्या जुळ्यांना युगाचें सौभाग्य म्हटलें त्यांपैकीं एक चौथ्या वर्षाच्या सुमारास गेला, आणि वांचला तो कमोडस. त्याच्या राज्याविषयीं रोमन इतिहासकारांनीं एकही चांगला शब्द लिहिलेला नाहीं. नाणें फक्त जिवंतांची गणती करितें, आणि तीही तेवढ्या क्षणापुरती. परंतु ही गणती इतकी काटेकोर आहे कीं, ती करणाऱ्या टांकसाळीला वजाबाकीही ठाऊक असली पाहिजे.

चवथें साधन ठसा. प्राचीन नाणें दोन ठशांमध्यें धातूची चकती ठेवून हातोड्यानें पाडीत. एका बाजूचा ठसा झिजून निकामी झाला म्हणजे तेवढाच बदलीत, दुसरा चालू राही. त्यामुळें चेहऱ्याचा एकच ठसा दोन निरनिराळ्या चित्रांच्या ठशांबरोबर आढळला, तर तीं दोन्ही चित्रें जवळजवळच्या काळांतलीं ठरतात. अशी कडी कडीला जोडीत गेल्यास वर्षांवांचून क्रम लागतो. हें काम एकट्याच्या पेटींतल्या नाण्यांवर होत नाहीं. त्याला अनेक संग्रहालयांतील नाण्यांचीं चित्रें शेजारीं ठेवावीं लागतात. तथापि आपल्या नाण्यांचें स्वच्छ छायाचित्र व वजन प्रसिद्ध करून सामान्य संग्राहकही ह्या सांखळींत एक कडी घालूं शकतो.

ह्या सर्व खटाटोपाचें फळ काय, असें कोणी विचारील. फॉस्टिनेविषयीं ग्रंथांतून जें आलें आहे तें बहुतेक निंदेचें आहे. ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ ह्या उत्तरकालीन चरित्रसंग्रहांत तिला स्वैरिणी म्हटलें असून कमोडस हा एका मल्लाचा मुलगा असल्याची वदंता दिली आहे, इ. स. १७५ मधील अव्हिडियस कॅसियसच्या बंडांत तिचें अंग होतें असें इतिहासकार डिओ म्हणतो. उलट मार्कसनें स्वतःच्या टिपणांत अशी आज्ञाधारक, प्रेमळ व साधी पत्नी मिळाली म्हणून देवांचे आभार मानिले आहेत. नाणीं ह्या वादांत काय सांगतात? तीं सांगतात कीं, तिला ‘छावणीची माता’ ही नवी पदवी मिळाली. पतीबरोबर पूर्वेकडे जात असतां इ. स. १७५–७६ च्या हिंवाळ्यांत टॉरस पर्वताच्या पायथ्याशीं ती वारली, त्यानंतर तिला देवत्व देण्यांत आलें. आणि ‘सिदेरिबुस रेकेप्ता’, तारकांनीं आपल्यांत घेतलेली, अशा शब्दांनीं तिचा गौरव झाला. रोममध्यें विवाह करणाऱ्या वधूवरांनीं मार्कस व फॉस्टिना यांच्या रुप्याच्या मूर्तींपुढें वेदीवर आहुति द्यावी असा ठराव झाल्याचें तोच डिओ लिहितो.

येथें आम्ही वाचकांस सावध करूं इच्छितों. नाणें निंदा करीत नाहीं म्हणून निंदा खोटी ठरत नाहीं. नाणें ही सरकारी जाहिरात आहे. राणी शीलवती होती असें त्यावरून सिद्ध होत नाहीं, राणी शीलवती दिसावी अशी दरबाराची इच्छा होती एवढेंच सिद्ध होतें. परंतु ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ तिच्या मृत्यूनंतर सुमारें दोनशें वर्षांनीं रचिलेली आहे आणि नाणें तिच्या डोळ्यांदेखत पडलेलें आहे. चरित्रकार आपल्या सोयीनें तारीख बदलतो. ठसा बदलीत नाहीं. म्हणून दोन्ही साक्षीदारांची उलटतपासणी करावयाची तर आधीं नाण्यांचा क्रम पक्का पाहिजे.

आणि हा क्रम मोडतो कोण? बहुधा आपणच. याची कबुली आम्हांस स्वतःपासून दिली पाहिजे. शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्हीं एका विक्रेत्याकडून फॉस्टिनेचें एक पितळी सेस्टर्शिअस नाणें घेतलें. त्यावर काळसर हिरवा टणक थर होता. घरांतलीं पितळेचीं भांडीं चिंचेनें लख्ख होतात हें लहानपणापासून पाहिलेलें. आम्हीं तोच उपाय केला. नाणें रात्रभर चिंचेच्या कोळांत ठेविलें आणि सकाळीं राखेनें घांसलें. पिवळें धमक नाणें हातांत आलें, पण केंसांच्या रेषा गेल्या. पृष्ठभागावर एक उभी स्त्री कडेवर मुलें घेऊन आहे एवढें कळतें. तिच्या पायांशीं ज्या लहान आकृति होत्या त्या त्या थरांतच टिकून राहिलेल्या होत्या, आणि थराबरोबर वाहून गेल्या. मागचा लेखही गेला. मुली दोन होत्या कीं चार, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. अठराशें वर्षें मातीनें जपलेली गोष्ट एका शिक्षकानें एका रात्रींत पुसून टाकिली.

तेव्हां पहिला नियम हा कीं, तांब्यापितळेच्या नाण्याचा स्थिर थर काढूं नये. सुटी माती साध्या पाण्यानें व मऊ कुंचल्यानें जाईल तेवढीच जाऊं द्यावी. भुकटीसारखा फिकट हिरवा रोग पसरत असेल तर संग्रहालयांतील जाणत्या माणसास दाखवावें. दुसरा नियम, फार रेखीव केंस असलेल्या मोठ्या पितळी नाण्यापासून सावध असावें. झिजलेल्या चेहऱ्यावर कोरणीनें नव्या बटा कोरून किंमत वाढविण्याची युक्ति जुनी आहे. अशा नाण्यावरील केशरचना कोरणाऱ्याच्या कल्पनेची असते, आणि तिच्यावरून काल काढणें म्हणजे क्षेपक श्लोकावरून कवीचा काल काढण्यासारखें आहे. चेहरा झिजलेला नसून भोंवतालचीं अक्षरें मात्र झिजलेलीं असतील तर संशय घ्यावा. कडेवर ओतकामाची शिवण दिसते काय, वजन जुळतें काय, हेंही पाहावें. सोळाव्या शतकांत पादुआ येथील कारागीर काव्हिनो यानें रोमन नाण्यांच्या इतक्या सुंदर प्रतिकृति केल्या कीं, त्यांनीं पुढील पिढ्यांतील संग्राहकांस पुष्कळ चकविलें. तिसरा नियम, लहान नाण्यांत ‘आस’ व ‘दुपोन्दिअस’ यांचा भेद ध्यानांत ठेवावा. बादशहाच्या दुपोन्दिअसवर किरणांचा मुकुट असतो, त्यावरून तें ओळखतें. फॉस्टिनेच्या नाण्यांवर तशी खूण नाहीं, तेथें तांबडें तांबें कीं पिवळें पितळ हाच आधार. थर असतांना तोही नीट कळत नाहीं. अशा वेळीं ‘दोहोंपैकीं एक’ असें लिहावें. थर खरडून पाहूं नये.

चौथा नियम कायद्याचा व सचोटीचा आहे. आपल्या देशांत जमिनींत पुरलेलें द्रव्य सांपडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी असा १८७८ चा कायदा आहे, आणि पुराणवस्तु परवान्यावांचून परदेशीं नेण्यास १९७२ च्या कायद्यानें बंदी आहे. सांठा फुटून नाणीं पांगलीं म्हणजे कोणतें नाणें कोणाबरोबर पुरलें होतें ही साक्ष बुडते. आणि ज्या नाण्यावर वर्ष नाहीं त्याला शेजारच्या नाण्याचें वर्ष हाच कित्येकदां एकमेव आधार असतो. म्हणून कोठून आलें हें न सांगणाऱ्या विक्रेत्याचें स्वस्त नाणें महाग समजावें.

पेटींत नाण्यांची मांडणी सौंदर्यावरून किंवा किंमतीवरून करूं नये. वर सांगितलेल्या चार गटांवरून करावी आणि प्रत्येक गटांत केशरचनेचा क्रम लावावा. प्रत्येक नाण्याखालीं चिठ्ठी असावी: वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा लेख जसा दिसतो तसा, न दिसणारीं अक्षरें कंसांत, कोणाकडून व केव्हां घेतलें तें, आणि कालाविषयीं आपलें मत कारणांसह. मत चुकलें तरी चालेल. कारण लिहिलेलें असलें म्हणजे पुढचा अभ्यासक तें दुरुस्त करूं शकतो.

आमच्या पेटींतील त्या पिवळ्या नाण्याखालींही अशी चिठ्ठी आहे. आम्हीं तें काढून टाकिलेलें नाहीं. चिठ्ठीवर वजन आहे, लेख आहे, चिंचेची हकीकत आहे, आणि शेवटच्या ओळींत, ‘मुलें: चार किंवा सहा.’